स्वस्त शॉर्टवेव्ह रेडिओ कसा पारखायचा: इंदूरकर नवख्यांसाठी

महाराणी रोडवरच्या दुकानात तुम्ही रेडिओ हातात घेतला, शॉर्टवेव्हवर काटा फिरवला आणि नुसती खरखर आली, तर त्यावरून त्या रेडिओबद्दल काहीही कळलेलं नसतं. डोक्यावर एलईडी दिवे, भिंतीवर टीव्ही, काउंटरवर चार्जरची रांग, समोर लोखंडी शटर. अशा जागी महागडा सेटसुद्धा काही बोलणार नाही. एफएम मात्र तिथेच खणखणीत लागतं. दुकानदार आवाज वाढवून दाखवतो, आपण खूश होऊन पैसे देतो, आणि घरी आल्यावर शॉर्टवेव्ह ‘चालत नाही’ म्हणून तो रेडिओ माळ्यावर जाऊन पडतो. यात रेडिओवर अन्याय होतो आणि ऐकणाऱ्यावर त्याहून जास्त, कारण एक सुंदर छंद सुरू व्हायच्या आधीच संपतो.

दीड-दोन हजारांच्या आसपासचा, हातात मावणारा रेडिओ घेणाऱ्या नवख्या माणसासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी जागा तपासा, मग वेळ साधा आणि त्यानंतर रेडिओची परीक्षा घ्या. हा क्रम चुकला तर चांगला सेट नापास होतो आणि सुमार सेट पास होतो.

आधी अपेक्षा नीट ठरवा

शॉर्टवेव्हवर आज काय मिळतं, हे माहीत असल्याशिवाय रेडिओ घेऊ नका. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. आकाशवाणीनेही आपलं बरंचसं शॉर्टवेव्ह आवरतं घेतलंय. घरातल्या ज्येष्ठांना सकाळी भक्तिसंगीत आणि दुपारी जुनी गाणी हवी असतील, तर त्यांना विविध भारती एफएमवर मिळेल. त्यासाठी शॉर्टवेव्हचा सेट कशाला?

पण ज्याला लांबचं ऐकायचंय त्याच्यासाठी अजून पुष्कळ आहे. चीनचं आंतरराष्ट्रीय प्रसारण अनेक भाषांत आणि जोरदार येतं. बीबीसीची इंग्रजी सेवा आहे, रेडिओ रोमानिया आहे, अरबी स्टेशनं आहेत. शिवाय हॅम मंडळींच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांच्या गप्पा, विमानांसाठी वाचली जाणारी हवामानाची माहिती आणि सेकंदासेकंदाला टिकटिक करणारी वेळेची स्टेशनं. इंदुरातल्या गच्चीवर बसून, मध्ये कुठलंही इंटरनेट नसताना, हजारो किलोमीटरवरचा आवाज हातातल्या डब्यातून येतो. मला तरी ही गोष्ट आजही थोर वाटते.

खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

खोक्यावर ‘१२ बँड वर्ल्ड रिसीव्हर’ असं ठळक छापलेलं असतं. ते सोडून द्या आणि बारीक अक्षरात दिलेली फ्रिक्वेन्सी शोधा. एसडब्ल्यू १, एसडब्ल्यू २ असे जे तुकडे असतात, ते साधारण मीटर बँडप्रमाणे पाडलेले असतात. किलोहर्ट्झमध्ये सांगायचं तर ४९ मीटर म्हणजे ५९०० ते ६२००, ४१ मीटर ७२०० ते ७४५०, ३१ मीटर ९४०० ते ९९००, २५ मीटर ११६०० ते १२१००, १९ मीटर १५१०० ते १५८०० आणि १६ मीटर १७४८० ते १७९००. मीटरचा हिशोब सोपा आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. ९.५ मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ३१ मीटर.

हे सहा बँड असले तर प्रसारण केंद्रं ऐकायला पुरतं. पण तुकड्यातुकड्यांच्या सेटमध्ये मधली जागा गळते. वेळेची स्टेशनं ५०००, १०००० आणि १५००० वर असतात, हॅमचा ४० मीटर बँड ७००० ते ७२०० आहे, आणि नेमक्या याच जागा बऱ्याच स्वस्त सेटमध्ये नसतात. निवडायची संधी असेल तर सलग फ्रिक्वेन्सी देणारा सेट घ्या.

दुसरा आकडा मीडियम वेव्हचा. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. बाहेरून आलेल्या डिजिटल सेटवर बऱ्याचदा १० लावून ठेवलेलं असतं. मालवा हाऊसमधून चालणाऱ्या आकाशवाणी इंदूरची मीडियम वेव्ह ६४८ ची, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ ची, नागपूर ५८५ चं. सगळे आकडे ९ ने भाग जाणारे. सेट १० वर असेल तर तो ६४० वरून ६५० वर उडी मारतो, ६४८ वर थांबतच नाही, आणि आवाज चिरका किंवा फाटका येतो. पुष्कळ लोक याला ‘रिसेप्शन खराब’ म्हणतात. ९ आणि १० बदलायची सोय आहे का, ते आधी विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर माहितीपत्रक उघडून बघा.

तिसरी गोष्ट सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी या प्रसारणाच्या वेगळ्या पद्धतीची. हॅम आणि विमान हवामानाची स्टेशनं साध्या रेडिओवर ऐकली तर बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखा आवाज येतो, शब्द कळत नाही. ते उलगडायला सेटमध्ये एसएसबी लागतं. टेक्सन पीएल-३३० किंवा एक्सएचडाटा डी-८०८ मध्ये ते आहे, टेक्सन पीएल-३१०ईटी मध्ये नाही. सर्वात स्वस्त सेटमध्ये ते सहसा नसतंच. सुरुवातीला त्यावाचून अडत नाही, पण हॅमच्या नादानेच तुम्ही या वाटेला आला असाल तर दोन पैसे साठवा आणि थांबा. ऐकायला कुठलाही परवाना लागत नाही. बोलायचं असेल तर हॅमची परीक्षा आणि परवाना दोन्ही लागतात.

स्वस्त सेट तीन जातींचे असतात. जुन्या धाटणीचा काट्याचा सेट, उदाहरणार्थ टेक्सन आर-९०१२. काटाच, पण आत डिजिटल चिप, उदाहरणार्थ एक्सएचडाटा डी-२१९. आणि पूर्ण डिजिटल, आकडे दाखवणारा. नवख्याला मी तिसरा सुचवतो. आपण नेमके कुठे आहोत ते कळणं शिकताना फार मोलाचं आहे. काट्यावर ३१ मीटरची सगळी वस्ती बोटभर जागेत कोंबलेली असते.

दुकानात काय बघायचं

शॉर्टवेव्हचा निकाल दुकानात लागत नाही, पण हाताला कळणाऱ्या गोष्टी तिथेच तपासून घ्या. एरियल पूर्ण ओढा आणि बुडाशी फिरवा. ती स्वतःहून खाली पडत असेल किंवा बुडाचा स्क्रू हलत असेल, तर सहा महिन्यांत तुटणार. सेलच्या खान्यातली स्प्रिंग दाबून बघा, गंजाचा हिरवा-पांढरा डाग नको. आवाजाचं चाक सावकाश फिरवताना चर्रचर्र होत असेल तर दुसरा नग मागा. काट्याचा सेट असेल तर एक एफएम स्टेशन लावा, काटा थोडा पुढे नेऊन परत आणा; चाक फिरतंय आणि काटा मात्र उशिरा हलतोय असं दिसलं, तर शॉर्टवेव्हवर तुमचे हाल होतील.

सेल कुठले लागतात? साधे पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. जुन्या मोबाइलची चपटी बीएल-५सी बॅटरीही जेल रोडला सहज मिळते. पण आत सोल्डर करून टाकलेली, बदलता न येणारी बॅटरी असेल तर मी तो सेट घेणार नाही. इयरफोनचं भोक हवंच, कारण क्षीण स्टेशन स्पीकरवर नाही, कानात ओळखू येतं. बाहेरच्या एरियलसाठी वेगळं भोक असेल तर उत्तम.

परतीची मुदत पावतीवर लिहून घ्या. पुढची सगळी परीक्षा त्या मुदतीत करायची आहे.

घराचा मेन स्विच बंद करा

या भागात मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

शॉर्टवेव्हचा आज सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आपल्याच घरातली विजेची उपकरणं. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर. यांच्या आतला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा कचरा थेट शॉर्टवेव्हवर सांडतो. घरातली वायरिंगच मग त्याची एरियल बनते.

म्हणून असं करा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर सेलवर चालणारा रेडिओ घ्या. ३१ मीटरवर जिथे स्टेशन नाही अशा मोकळ्या जागी लावून ठेवा आणि खरखरीचा आवाज लक्षात घ्या. मग घरच्यांना सांगून मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर वीज जाताच तोच गोंगाट सुरू करेल. खरखर एकदम खाली आली ना? मग दोष रेडिओचा नव्हता. आता स्विचबोर्डावरचे एमसीबी एकेक करून चालू करा आणि रेडिओ ऐकत राहा. कुठल्या तरी एका खटक्यानंतर ‘घर्रर्र’ परत येईल. त्या खोलीत जाऊन एकेक वस्तू काढा आणि गुन्हेगार पकडा. बहुतेक वेळा तो एखादा बिनकंपनीचा चार्जर किंवा स्वस्त बल्ब निघतो. तो बदलला की घरातला प्रत्येक रेडिओ सुधारतो.

मेन स्विच पाडूनही खरखर तशीच राहिली, तर ती शेजारून किंवा रस्त्यावरच्या दिव्यांवरून येतेय. फ्लॅटमध्ये हे फार होतं, त्यात भिंतींमधल्या सळया सिग्नल अडवतात. तेव्हा गच्चीवर जा. रामबाग, लोकमान्यनगर भागात अजून गच्चीची घरं आहेत; ज्यांना गच्ची आहे त्यांनी स्वतःला नशीबवान समजावं. दिवाळीच्या आठवड्यात मात्र गच्चीवरही परीक्षा घेऊ नका, एलईडी माळा सगळ्या आळीला गोंगाट पुरवतात.

एकदा तरी सेट शहराबाहेर न्या. रविवारी पाताळपाणी किंवा जानापावला जाताच आहात, तर तो पिशवीत टाका. वस्तीपासून लांब, गाडी बंद करून, मोकळ्या माळावर तोच रेडिओ ऐका. खरखरीच्या जागी शांतता आणि त्या शांततेत एकामागून एक स्टेशनं. घरी तुमच्या रेडिओचा किती भाग वाया जातोय ते तिथे कळतं. वाटेत महू लागतं. लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय तिथेच आहे, म्हणजे हा परिसर बिनतारी विद्येला मुळीच परका नाही.

कोणत्या वेळी ऐकायचं

दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांतला एक खालचा थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो. म्हणून ढोबळ नियम असा, की भर दुपारी १५ मेगाहर्ट्झच्या वर शोधा, रात्री १० मेगाहर्ट्झच्या खाली. ४९ मीटर दुपारी बारा वाजता मेल्यासारखा असतो; त्यावरून सेट खराब म्हणू नका. नवख्याने परीक्षा संध्याकाळी सहा ते नऊमध्ये घ्यावी, तेव्हा २५, ३१, ४१ आणि ४९ मीटर चारही जागे असतात.

मे-जूनमध्ये लांबच्या विजांची कडकड सगळ्या बँडवर येते, विशेषतः खालच्या. ती निसर्गाची आहे. हिवाळ्यातल्या रात्री माळव्यात फार निवळ असतात.

स्टेशनांच्या वेळापत्रकात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. संध्याकाळचे ७.५५ म्हणजे यूटीसी १४.२५. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी स्टेशनं फ्रिक्वेन्सी बदलतात, त्यामुळे जुनी यादी घेऊन बसू नका. एइबी (EiBi) नावाची स्टेशनांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते, ती मोबाइलवर आधीच उतरवून घ्या आणि मोबाइल रेडिओपासून हातभर लांब ठेवा.

आता खरी परीक्षा

पहिली एरियलची. ३१ मीटरवर रिकाम्या जागी सेट लावा, एरियल बंद करा, मग पूर्ण ओढा. खरखर वाढली पाहिजे. एरियल ओढूनही काहीच फरक पडला नाही, तर एक तर एरियलचं आतलं जोडणं सुटलंय, किंवा सेटचा स्वतःचा गोंगाटच बाहेरच्यापेक्षा मोठा आहे. दोन्ही वाईट. दोन मिनिटांत होणारी आणि कुठल्याही उपकरणाशिवाय होणारी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

दुसरी क्षीण स्टेशनची. चीनचं जोरदार स्टेशन प्रत्येक डब्यावर लागतं, त्याचं कौतुक नको. असं स्टेशन शोधा की जे जेमतेम कळतंय, आवाज वर-खाली होतोय. ते दहा मिनिटं ऐका. शब्द सापडतात का? मित्राचा किंवा काकांचा दुसरा सेट मागून आणून शेजारी ठेवून तेच स्टेशन लावा, पण दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवू नका, एकाचा गोंगाट दुसऱ्यात शिरतो. चिप असलेल्या काही सेटमध्ये सिग्नल क्षीण झाला की आवाज आपोआप दबतो. स्टेशन बुडताना ते पूर्ण गडप होतं आणि परत उगवतं. ज्याला क्षीण स्टेशनांचाच नाद आहे त्याला हे फार खटकतं, म्हणून ध्यान देऊन ऐका.

तिसरी शेजाऱ्याची. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने दाटीवाटीने बसलेली असतात. एक जोरदार स्टेशन पकडा आणि ५ ने बाजूला सरका. तिथे दुसरं स्टेशन असेल तर ते वेगळं कळतंय का, की पहिल्याचीच कुजबुज वर येतेय? बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी ऐकतो त्या पट्टीची रुंदी, कमी-जास्त करायची सोय असलेल्या सेटवर ती कमी करून बघा. आवाज थोडा दबका होईल, पण शेजारी मागे हटेल. मला विचाराल तर संवेदनशीलतेपेक्षा हा गुण महत्त्वाचा. क्षीण सिग्नल जास्तीची तार लावून वाढवता येतो, पण दोन स्टेशनांची खिचडी बाहेरून सोडवता येत नाही.

चौथी भुताची. जुन्या धाटणीचे सेट येणारा सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर आणून ऐकवतात. त्यामुळे एक खरं स्टेशन त्याच्या दुपटीने, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खालीही उमटतं. समजा ९६०० वर कुणी तरी जोरात बोलतंय. काटा ८६९० च्या आसपास न्या. तोच माणूस, तेच वाक्य तिथेही ऐकू आलं तर ते भूत आहे. थोडं फार चालतं. पण भूत खऱ्याइतकंच जोरदार असेल, तर बँडवर गर्दी दिसेल आणि त्यातली निम्मी खोटी असेल; नवख्याची दिशाभूल यानेच होते.

पाचवी आकड्याची. १०००० वर चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन दर सेकंदाला टिक देतं. डिजिटल सेटवर ते नेमकं १०००० वर सगळ्यात स्वच्छ यायला हवं, ९९९५ वर नाही. काट्याच्या सेटवर याच टिकटिकीवरून डायल किती चुकतं ते कळतं. सेट दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि मग हात जवळ न्या, दूर करा. स्टेशन सरकत असेल तर रोज बातम्या ऐकताना चाक सतत हातात ठेवावं लागेल.

एसएसबी असेल तर ६६७६ किंवा ११३८७ वर अपर साइडबँड (एसएसबीच्या दोन प्रकारांपैकी एक) लावून प्रत्येक तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला मुंबईचं विमान हवामान ऐका. वेगवेगळ्या विमानतळांचा वारा, दृश्यमानता आणि तापमान एका सुरात वाचलं जातं. शब्द स्वच्छ कळेपर्यंत बारीक चाक फिरवा. चाक तेवढं बारीक फिरत नसेल तर एसएसबी नावालाच दिलेलं आहे.

सहावी तारेची. पाच ते आठ मीटर साधी प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्या, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावून ती एरियलला अडकवा आणि तार गच्चीवर आडवी ताणा. विजेच्या तारांच्या आसपास अजिबात नाही. पावसाळ्यात, ढग गडगडत असतील तर तार काढून ठेवा. तार लावल्यावर क्षीण स्टेशनं वर यायला हवीत. त्याऐवजी सगळ्या बँडवर एकच कालवा सुरू झाला तर सेटचं पोट लहान आहे. मग तार अर्धी करा, किंवा ‘लोकल’ (जवळचं) आणि ‘डीएक्स’ (लांबचं) असं बटण असेल तर लोकलवर टाका.

मीडियम वेव्हची परीक्षा वेगळी. तिथे ओढायची एरियल उपयोगी नसते, सेटच्या आतली फेराइटची कांडीच एरियलचं काम करते. म्हणून रात्री ५५८ किंवा ५८५ लावून अख्खा सेट हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज वाढेल, काटकोनात तो पडेल. फिरवूनही फरक नसेल तर कांडीत किंवा तिच्या तारेत दोष आहे. एखाद्या जागी एकसारखी, रुंद, बदल नसलेली सळसळ ऐकू आली तर ते बहुधा आकाशवाणीचं डीआरएम म्हणजे डिजिटल प्रसारण असतं. साध्या रेडिओवर ते असंच ऐकू येतं.

ठेवायचा की परत करायचा

एरियलच्या परीक्षेत नापास, आकड्यात चुकणारा डिजिटल सेट, किंवा सेलवर चालतानाही स्वतःच शिट्टी मारणारा सेट, हे परत करा. चार्जर लावल्यावर हूं-हूं येतं म्हणून परत करू नका. चार्ज करताना ऐकायचंच नाही, हा स्वस्त सेटचा सरळ उपाय. भुतं थोडी, शेजारी थोडा, पण क्षीण स्टेशन शब्दासकट कळतंय, असा सेट आनंदाने ठेवा.

सेल अर्धे उतरल्यावर एकदा पुन्हा तेच क्षीण स्टेशन लावा. काही सेट ताज्या सेलवर सुंदर चालतात आणि व्होल्टेज थोडं पडताच घोगरे होतात. चार्ज होणारे पेन्सिल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे ते वापरणार असाल तर ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात त्यांच्यावरच घ्या. आणि सेट महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळालेल्या सेलने मेलेले चांगले रेडिओ महाराणी रोडच्या दुरुस्तीवाल्यांकडे ढिगाने येतात.